मधले चौदा दिवस

"सोमवार?" खर्डेकरमामांनी कागद नाकाजवळ नेला, मग हात लांब करून बघितला. कसाही धरला तरी सोमवारच होता. "सोसायटीची सभा सोमवारी सकाळी दहाला कुणी ठेवतं का पोरी? लोकांनी कामधंदे सोडून यायचं?"

"मी नाही ठेवली, मामा. ती आपोआप येते."

"आपोआप तर दूधही उतू जातं. आपण बघत बसतो का?"

टेबलाखाली माझी दीड वर्षाची रेवा मुरमुऱ्यांचा डबा उघडायच्या खटपटीत होती. पाळणाघरवाल्या काकू लग्नाला गेल्या होत्या, सासूबाई पुण्याला नणंदेकडे होत्या, आणि नवऱ्याची सकाळची पाळी. त्यामुळे लेकराला काखोटीला मारून मी ऑफिसात आले होते. तोरस्करबाई सकाळपासून कोर्टात होत्या, एवढंच काय ते नशीब. त्या परत यायच्या आत रेवा झोपेल आणि तिला आतल्या खोलीत फायलींच्या कपाटाआड निजवता येईल, असा माझा बेत होता. रेवाचा बेत वेगळा दिसत होता.

तो दिवस सात फेब्रुवारी दोन हजार पंधरा, वार शनिवार. तारखा विसरणं मला तेव्हाही जमत नव्हतं.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या गल्लीत तोरस्करबाईंचं वकिलीचं ऑफिस होतं. आठ जानेवारीला मी तिथे चिकटले होते, आणि चिकटले म्हणणंही जरा जास्तच. "महिनाभर बघू," एवढंच बाई म्हणाल्या होत्या. पत्र नाही, काही नाही. रेवा झाल्यापासून मी घरीच होते. संख्याशास्त्रातली पदवी कपाटात, आणि मी रात्री उठून बाळाचा श्वास चालू आहे ना ते बघणार. गॅसची कळ तीनदा तपासणार. दार ओढून जिना उतरले की परत चढून कुलूप हलवून बघणार. नवरा म्हणायचा, "तुला काहीतरी काम पाहिजे, नाहीतर तू कुलपं झिजवशील." मलाही ते पटत होतं. ती नोकरी मला हवी होती, अगदी तहान लागल्यासारखी हवी होती.

काम असं होतं. बाईंनी पुण्याहून एक सॉफ्टवेअर आणलं होतं. भाडेकरार, नोटिसा, मुखत्यारपत्रं, सगळ्यांचे साचे त्यात करून ठेवायचे. मग नाव, पत्ता आणि पहिली तारीख चौकोनांत भरली की पुढच्या तारखा त्यानं स्वतः मोजायच्या आणि चाळीस कागद छापून द्यायचे. मामा पस्तीस वर्षं हेच काम आधी टाइपरायटरवर आणि मग साध्या कॉम्प्युटरवर करत आले होते. तारखा ते बोटांच्या पेरांवर मोजायचे. नव्या सॉफ्टवेअरला ते 'तुझा तो जावई' म्हणत. म्हणजे लाड पुष्कळ, भरवसा शून्य.

भरवसा नसायला कारणही घडलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी एक भाडेकरार काढला. पाच जानेवारीला सुरू, अकरा महिन्यांनी चार डिसेंबरला संपणार. पण त्या यंत्राला महिना आधी आणि दिवस नंतर लिहायची खोड होती, आणि ती बदलायची राहून गेली. कागदावर आलं ०१/०५/२०१५ ते १२/०४/२०१५. बाईंनी तो चष्म्यावरून वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "राहायला यायचं एक मेला, घर सोडायचं बारा एप्रिलला. शाल्मली, हा भाडेकरू यायच्या आधीच गेला." मामा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते.

त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या साच्यांना तीन नियम लावले. महिना आकड्यात नाही, अक्षरांत. तारखेशेजारी वार छापायचाच. आणि तारखेचा एकही चौकोन रिकामा असेल तर कागद निघायचाच नाही, पडद्यावर लाल पट्टी यायची. बाई म्हणाल्या, "तू घराला इतकी कुलपं लावतेस का गं?"

तर वार मीच छापायला लावला होता, आणि आता तोच माझ्या अंगावर आला होता.

"बघू," म्हणत खुर्चीतून हर्षेकाका उठले. ते आम्रपाली सोसायटीचे सेक्रेटरी. साठीचे गृहस्थ, हातात कायम एक प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत सोसायटी. त्यांच्या तीन मजली इमारतीत लिफ्ट बसवायची होती. त्यासाठी दोन वर्षांत दोनदा सर्वसाधारण सभा भरली आणि दोनदा बाद झाली. तळमजल्यावरचे देशिंगकर सर, निवृत्त मुख्याध्यापक, दोन्ही वेळा सभेत उभे राहून म्हणाले, "सूचनेची मुदत अपुरी आहे." दोन्ही वेळा त्यांनी सहकार खात्याच्या कार्यालयात अर्ज केला, आणि दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं उचलून धरलं गेलं.

"त्यांना लिफ्ट नकोच आहे हो," हर्षेकाका मला तिसऱ्यांदा सांगत होते. "तळमजल्याला कशाला पाहिजे लिफ्ट? खुसपट काढायचं फक्त. आम्ही दोन्ही वेळा चांगले पंधरा दिवस दिले होते. रविवारी सूचना, पंधरा दिवसांनी रविवारी सभा. माझी आई तिसऱ्या मजल्यावर आहे, चौदा महिने खाली उतरलेली नाही. मागच्या सभेला ती नवं लुगडं नेसून दारात बसली होती, मी येऊन काय झालं ते सांगीन म्हणून." त्यांनी पिशवीची घडी घातली, परत उलगडली. "म्हणून या वेळी तुमच्या बाईंकडे आलो. तिसऱ्यांदा सभा बाद झाली तर लोक मला तोंड दाखवू द्यायचे नाहीत."

बाई मला एवढंच म्हणाल्या होत्या, "आम्रपालीची सूचना निर्दोष निघाली पाहिजे. मग तुझं बघू." गेले दोन दिवस मी त्या 'तुझं बघू'चे अर्थ लावत होते. महिन्याची बोली त्या शनिवारी संपत होती.

"सरळ आहे की," मामा म्हणाले. "उद्या रविवार, सगळे घरी असतात. उद्या आठ तारखेला सूचना वाटायची. पंधरा दिवसांनी रविवार, बावीस तारीख. तुझ्या जावयाला एक दिवस जास्त झालाय. आण इकडे, पांढऱ्या शाईनं तेवीसचं बावीस करतो."

"थांबा मामा."

"अगं बाईंना यायला दोन वाजतील. बत्तीस कागद आहेत."

मी बाईंना फोन लावला. बंद. कोर्टात त्या तो बंदच ठेवायच्या. पुन्हा लावला. मग बंद असलेला फोन तिसऱ्यांदा लावून काय होणार, असं स्वतःला बजावून तिसऱ्यांदा लावला.

मामांनी टोपण काढलेली शाईची बाटली, हर्षेकाकांचा घड्याळाकडे वळलेला चेहरा, आणि मी. पस्तीस वर्षं हेच करणारा माणूस म्हणतोय बावीस. सेक्रेटरी म्हणतोय बावीस. अख्खा सातारा, रविवारपासून पंधरा दिवसांनी कोणता वार असं विचारलं तर रविवारच म्हणेल. तेवीस म्हणणारं फक्त ते यंत्र, आणि यंत्राला मोजायला शिकवणारी मी, जिनं एका भाडेकरूला यायच्या आधी घालवलं होतं.

तेवढ्यात टेबलाखालून खळ्ळकन आवाज आला. डबा उघडला होता. रेवा मुरमुऱ्यांच्या मधोमध बसून मोठ्या समाधानानं दोन्ही हातांनी खात होती.

"ही कोण?" हर्षेकाका वाकले.

"माझी मुलगी," मी म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाईंना सांगू नका."

"नाव काय हिचं?"

"रेवा," मी म्हणाले, आणि नाव उच्चारताच मला तिचं बारसं आठवलं.

रेवा मंगळवारी झाली. बारसं बाराव्या दिवशी. सासूबाई म्हणाल्या शनिवार. मी मोबाइलमध्ये तारीख घालून बारा दिवस मिळवले आणि माहेरी सगळ्यांना रविवार कळवून बसले. सासूबाई जन्माचा दिवस पहिला धरत होत्या, मोबाइल तो धरत नव्हता. माझी मावशी कोल्हापूरहून पाळण्यावरचं खेळणं घेऊन रविवारी दारात उभी राहिली, तेव्हा नाव ठेवून चोवीस तास झाले होते आणि आम्ही उरलेली जिलबी खात होतो. मावशी अजूनही रेवाला 'उशिराची' म्हणते.

"मामा," मी म्हणाले, "पंधरा दिवस मोजताना तुम्ही सुरुवात कुठून करता?"

"रविवारपासून. रविवार एक, सोमवार दोन..."

"म्हणजे सूचनेचा रविवार धरलात. आणि सभेचा रविवार?"

"तो पंधरावा."

"तोही धरलात."

"मग? दोन्ही रविवार काय रस्त्यावर पडलेत?"

मी हर्षेकाकांच्या पिशवीतली पोटनियमांची पुस्तिका उघडली. पान मी दुमडूनच ठेवलं होतं. परवा साचा करताना ते सात वेळा वाचलं होतं, नुसतं घाबरून. मोठ्यानं वाचलं, "सूचना पोचल्याचा दिवस व सभेचा दिवस वगळून मध्ये पूर्ण चौदा दिवस असले पाहिजेत."

"मग आहेतच की चौदा. पंधरा दिलेत," हर्षेकाका म्हणाले.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं पसरलं. खाली वाकून मूठभर मुरमुरे उचलले. रेवानं हरकत घेतली, तिला टेबलावर बसवून गप्प केलं. "ही आठ तारीख, रविवार. हिच्यावर मुरमुरा ठेवायचा नाही. ही बावीस, हिच्यावर पण नाही. आता मधल्या प्रत्येक दिवसावर एक."

मामांनी अनिच्छेनं नऊ तारखेवर एक मुरमुरा ठेवला. मग दहा. मग अकरा. एकवीसवर शेवटचा ठेवला आणि पहिल्यापासून बोट टेकवत मोजायला लागले. चारवर पोचतात तोच रेवानं बारा तारीख उचलून तोंडात टाकली.

"अरे, गुरुवार खाल्ला," हर्षेकाका म्हणाले.

मामांनी दुसरा ठेवला. रेवाचे दोन्ही हात मी धरले. मामांनी पुन्हा मोजले. मग उलट्या बाजूनं मोजले. मग खुर्चीत टेकले.

"तेरा," ते म्हणाले.

हर्षेकाकांनी स्वतः मोजले. ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखे. "म्हणजे दोन्ही वेळा," ते हळूच म्हणाले, "सर बरोबर होते?"

मी मान डोलावली. रेवा तेवढी 'दे, दे' करत होती.

"पस्तीस वर्षं," मामा म्हणाले. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी पांढऱ्या शाईचं टोपण घट्ट लावलं, बाटली खणात टाकली आणि खण पायानं ढकलला. "पण सोमवारी माणसं यायची नाहीत, पोरी. हे तुझ्या जावयाला कसं कळणार?"

"ते त्याला कळणार नाही."

"मग सूचना आजच वाटली तर?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मग पहिल्या चौकोनात आठ काढून सात घातले. खालची ओळ क्षणभर पुसली गेली आणि पुन्हा उमटली: २२ फेब्रुवारी २०१५, रविवार, सकाळी १०.००.

"आता कसा शहाण्यासारखा बोलला," मामा म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

बत्तीस कागद त्याच दिवशी बत्तीस घरांत पोचून सह्या व्हायला हव्या होत्या. बाईंच्या टेबलावर मी चिठ्ठी ठेवली. तीही तीनदा वाचली. मग रेवाला कडेवर घेऊन मामांच्या मागे स्कूटरवर बसले. आम्रपाली गोडोलीच्या बाजूला होती. हर्षेकाका पुढे, आम्ही मागे.

"वरून सुरुवात करू," मामा म्हणाले. "तिसरा मजला, म्हणजे तीनच तर जिने."

मजले कसे मोजायचे हेही माणसागणिक बदलतं. तळमजल्यावर पोचायच्याच आधी रस्त्यापासून बारा पायऱ्या होत्या, त्या मामांनी धरल्या नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते कठड्याला धरून उभे होते आणि रेवा त्यांना 'चल चल' म्हणत होती. हर्षेकाकांच्या आईनं दार उघडलं. वाळक्या आवळ्याएवढी म्हातारी. तिनं रेवाला माझ्याकडून काढूनच घेतलं. "किती दिवसांनी लहान मूल बघितलं," म्हणाली. "खाली पोरं खेळतात, आवाज येतो, दिसत नाहीत." मी निघायला लागले तर म्हणाली, "राहू दे हिला इथे, तू सह्या घेऊन ये." एरवी मी रेवाला अनोळखी घरात दोन मिनिटंही सोडलं नसतं. त्या दिवशी सोडलं. मात्र प्रत्येक मजल्यावरून वर बघून, कान देऊन, रडण्याचा आवाज नाही ना याची खात्री करत.

सत्तावीस नंबरला कुलूप होतं. तो माणूस शाळेची रिक्षा चालवायचा. मामांनी त्याला शाळेच्या फाटकाशी जाऊन गाठला आणि रिक्षाच्या टपावर कागद ठेवून सही घेतली. चार वाजेपर्यंत एकतीस सह्या झाल्या. उरलं तीन नंबर, तळमजला.

"तुम्ही जा," हर्षेकाका म्हणाले. "मला बघितलं की त्यांना अर्ज सुचतो."

मी वर जाऊन रेवाला घेतलं. तिच्या हातात आजींनी दिलेला खजूर होता. देशिंगकर सरांनी दार उघडलं. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी सूचना घेतली, उभ्याउभ्या वाचली, मग आत गेले. आतून कॅलेंडरची पानं फडफडल्याचा आवाज. मामा जिन्याकडे तोंड करून उभे होते.

सर बाहेर आले. हातात पेन्सिल.

"हे कुणी मोजलं?"

"कॉम्प्युटरनं," मामा घाईनं म्हणाले.

"मी," मी म्हणाले.

"सूचनेचा दिवस धरलास?"

"नाही सर."

"सभेचा?"

"नाही. मधले पूर्ण चौदा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रेवाकडे, खजुरानं बरबटलेल्या तिच्या हनुवटीकडे. "पडताळा घेतलास?"

"तीनदा. मुरमुरे ठेवून."

त्यांच्या मिशा किंचित हलल्या. सही केली, खाली तारीख, वार आणि वेळही घातली: दुपारी ४ वाजून १० मिनिटे. कागद परत देताना म्हणाले, "बावीसला ही पण येणार का?"

"सदस्य नाही ती."

"बसू दे. मत नाही देता येणार, एवढंच."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "सही झाली खरी. पण आता सभेत आडवे येतील. तळमजल्याचे आहेत."

बावीसला मी रेवाला घेऊन गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. हर्षेकाकांच्या आईला चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं होतं. नवं लुगडं तेच असावं. ठराव वाचून झाला आणि हर्षेकाकांनी विचारलं, "कुणाची हरकत?" सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

देशिंगकर सर उठले. "हरकत नाही," म्हणाले. "अनुमोदन आहे."

हर्षेकाकांच्या हातातली पिशवी खाली पडली. "सर, पण तुम्हाला तर लिफ्ट नको होती."

"असं मी कधी म्हटलं?" सर खरोखरच चकित झाले होते. "माझे गुडघे गेलेत. गच्चीवर वाळवण घालायला मला तीन वर्षांत येता आलेलं नाही. आज कसा आलो ते माझं मला माहीत. मी म्हणालो, तारीख चुकली आहे. दोनदा म्हणालो. चुकीच्या तारखेवर लिफ्ट बसवली असती तर उद्या कुणीही कोर्टात जाऊन ती बंद पाडली असती. तुम्ही कुणी विचारलंच नाही, कशी चुकली म्हणून."

मग आजी खुर्चीतून म्हणाल्या, "मास्तर, जाताना मला धरून खाली न्या. दोघं मिळून पडू." आणि गच्चीवर जो हशा उठला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असणार.

मी मात्र त्या म्हाताऱ्या मास्तरांकडे बघत होते. सभा संपल्यावर गच्चीच्या दाराला कुलूप लावून ते खाली निघाले, चार पायऱ्या उतरले, थांबले, आणि परत वर येऊन त्यांनी कुलूप हलवून बघितलं. मग माझ्याकडे लक्ष जाऊन जरा ओशाळले. मी म्हटलं, "मीही तेच करते, सर."

"करत जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला आत बोलावलं. टेबलावर मुरमुऱ्याचा एक दाणा होता. तो त्यांना कुठल्या फायलीत सापडला कोण जाणे.

"तुझा महिना कधी संपला?" त्यांनी विचारलं.

"पहिला दिवस धरला तर सात तारखेला. नाही धरला तर आठला." मग न राहवून म्हणाले, "दोन्ही हिशेबांनी संपलाय."

"नेमणुकीच्या पत्राचा साचा आहे ना आपल्याकडे? काढ तुझं. सुरुवातीची तारीख आठ जानेवारी."

मी तिथेच त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले. नाव भरलं. हुद्दा भरला. सुरुवातीची तारीख भरली. खालच्या चौकोनात थांबले. "बाई, अखेरची तारीख?"

"ती रिकामी ठेव."

मी कळ दाबली. पडद्यावर लाल पट्टी आली. रिकाम्या तारखेचा कागद निघणार नाही.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हे कुलूप कुणी लावलंय?"

"मीच."

"मग काढ."

हात पुसून मी नियमांच्या पानावर गेले आणि त्या एका साच्यापुरता तो नियम काढला. छापून आलेलं पत्र मी तीनदा वाचलं. आता दहा वर्षं झाली. रेवा शाळेतून ऑफिसात येते आणि मामांची जुनी खुर्ची फिरवत गृहपाठ करते. बाकीच्या सगळ्या साच्यांना ते कुलूप आहे. माझ्या पत्रातला तो चौकोन तेवढा अजून रिकामा आहे.